सिम-लॉक आणि नेटवर्क बदलण्याचे स्वातंत्र्य

एखाद्या दूरसंचार कंपनीने विकलेला मोबाइल हँडसेट केवळ तिच्याच सिमकार्डावर चालावा, अशी अट हँडसेटच्या सॉफ्टवेअरमध्येच घालून ठेवली जाते. तिला सिम-लॉक म्हणतात. अशा फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम घातले तर फोन चालू होतो, स्क्रीन उजळते, कॅमेराही चालतो. पण कॉल लागत नाही आणि इंटरनेट मिळत नाही. फोनमध्ये बिघाड नसतो आणि सिममध्येही नसतो. पैसे मोजून घेतलेली वस्तू ग्राहकाने दुसऱ्या कंपनीकडे नेऊ नये, एवढ्यासाठी ती अडवलेली असते. जीएसएम सेवा जगभर पसरली तेव्हापासून हा प्रश्न देशोदेशी निरनिराळ्या रूपांत उभा राहिला, आणि त्याची उत्तरेही निरनिराळी निघाली.

लॉकची रचना समजायला अवघड नाही. प्रत्येक सिमकार्डात ग्राहकाची ओळख सांगणारा, जास्तीत जास्त १५ अंकांचा क्रमांक साठवलेला असतो. त्याला आयएमएसआय म्हणतात. त्याचे पहिले तीन अंक देशाचे आणि पुढचे दोन किंवा तीन अंक नेटवर्कचे असतात. भारतातल्या सिमवर हा क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो, अमेरिकेतल्या एटी अँड टीच्या सिमवर ३१०-४१० ने. फोन चालू होताच सिममधले हे सुरुवातीचे अंक वाचतो आणि आपल्याकडच्या यादीशी ताडून पाहतो. अंक जुळले तर नेटवर्क शोधायला लागतो, नाही जुळले तर ‘सिम नॉट सपोर्टेड’ असा संदेश देतो किंवा अनलॉक कोड मागतो. जीएसएमच्या मानकांत अशा लॉकचे पाच प्रकार सांगितले आहेत. फोन एका नेटवर्कला बांधता येतो, नेटवर्कच्या एका भागाला, सेवा देणाऱ्या एका कंपनीला, एखाद्या संस्थेच्या सिमकार्डांना किंवा थेट एकाच सिमला. म्हणजे ग्राहकाला बांधून ठेवण्याची सोय मानकांतच करून ठेवलेली होती.

लॉक काढण्याचे मार्ग काळाप्रमाणे बदलले. सुरुवातीच्या हँडसेटमध्ये अनलॉक कोड हा फोनची ओळख सांगणाऱ्या १५ अंकी आयएमईआय क्रमांकावरून ठरावीक गणिताने निघत असे. ते गणित फुटले, आणि जुन्या नोकिया फोनचे कोड काढून देणारी छोटी सॉफ्टवेअर सगळीकडे मिळू लागली. कोड काही वेळा चुकला की फोन कायमचा अडकण्याची भीती मात्र होतीच. आयफोनमध्ये कोडची पद्धतच राहिली नाही. कोणता फोन मोकळा आणि कोणता बांधलेला, याची नोंद अ‍ॅपलच्या सर्व्हरवर असते; दूरसंचार कंपनीने कळवल्यावर तिथे ती बदलली जाते आणि मग फोन मोकळा होतो. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले लॉक फोन ‘ओपन’ करून देण्याचा धंदा मुंबईतल्या मनीष मार्केट किंवा हीरा पन्ना यांसारख्या बाजारांत चांगला चालला. सिमच्या खाली एक पातळ चिप सरकवायची आणि फोनला सिम मूळ कंपनीचेच आहे असे भासवायचे, ही तिथली युक्ती. सॉफ्टवेअर अपडेट आले की ती कोलमडायची आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानात यायचे. म्हणूनच जुन्या फोनच्या बाजारात ‘फॅक्टरी अनलॉक’ म्हणजे कंपनीनेच मोकळ्या केलेल्या फोनला जास्त भाव मिळतो.

दोन वेगळ्या गोष्टींची सिम-लॉकशी नेहमी गल्लत केली जाते. चोरीला गेलेला फोन त्याच्या आयएमईआयवरून सर्व नेटवर्कवर बंद करता येतो. भारतात ‘संचार साथी’ पोर्टलवरून ग्राहकाला तशी विनंती करता येते. हा ग्राहकाच्या बाजूचा उपाय आहे. दुसरी गोष्ट म्हणजे आयएमईआय क्रमांकच बदलणे. तो गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सिम-लॉक काढताना आयएमईआयला हात लावण्याचे कारणच नसते.

लॉकच्या बाजूने कंपन्या जे कारण देतात त्यात तथ्य आहे. महागडा हँडसेट सुरुवातीला कमी पैशांत द्यायचा आणि उरलेली किंमत दोन-तीन वर्षांच्या मासिक बिलातून वसूल करायची, ही युरोप-अमेरिकेतली जुनी पद्धत. ही सवलत किती मोठी असे, ते २००७ मध्ये जर्मनीत उघड झाले. तिथे आयफोन टी-मोबाइलच्या दोन वर्षांच्या करारासह ३९९ युरोंना मिळत होता. व्होडाफोनने या बांधीलकीविरुद्ध हॅम्बुर्गच्या न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला, तेव्हा टी-मोबाइलने तोच फोन लॉक आणि कराराशिवाय ९९९ युरोंना विकायला काढला. डिसेंबरमध्ये न्यायालयाने मनाई उठवली आणि मोकळा फोन विक्रीतून पुन्हा नाहीसा झाला. ६०० युरोंचा हा फरक कंपनीला कुठून तरी भरून काढायचा असतो, हे नाकारता येत नाही.

परंतु तो भरून काढण्यासाठी करार आहेच. ग्राहकाने मुदतीआधी सेवा सोडली तर उरलेली रक्कम एकदम मागता येते, आणि कायदा ती वसूल करू देतो. लॉकमुळे या हक्कात काही भर पडत नाही. उलट सगळे पैसे फेडून झाल्यावरही, कोणी आठवण करून विनंती करीपर्यंत, लॉक तसाच राहतो. परदेशी गेलेल्या ग्राहकाला तिथले स्वस्त सिम घालता येत नाही, तो आपल्या कंपनीच्या महागड्या रोमिंगवर अडकतो. त्या रोमिंगच्या पैशांचा हँडसेटच्या सवलतीशी काही संबंध नसतो. खोट्या ओळखपत्रांवर फोन उचलायचे आणि परदेशात विकायचे, या फसवणुकीला लॉकमुळे आळा बसतो, हे कंपन्यांचे दुसरे कारण अधिक वजनदार आहे. त्यासाठी काही आठवड्यांचा लॉक पुरतो. दोन-तीन वर्षांच्या लॉकचे समर्थन त्यातून होत नाही.

या प्रश्नावर सर्वांत मोठा कायदेशीर झगडा अमेरिकेत झाला, आणि तोही ग्राहक कायद्याखाली नव्हे तर कॉपीराइट कायद्याखाली. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने चित्रपट, संगीत वगैरेंवरची डिजिटल संरक्षणे तोडण्यास मनाई केली. फोनमधले सॉफ्टवेअरही कॉपीराइटचे काम आहे, म्हणून त्यावरचा सिम-लॉक काढणे हेही संरक्षण तोडणेच, असा अर्थ निघू लागला. या कायद्यात दर तीन वर्षांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसने सवलती जाहीर करायच्या असतात. नोव्हेंबर २००६ मध्ये फोन अनलॉक करण्यास अशी सवलत मिळाली आणि २०१० मध्ये ती पुढे चालू राहिली.

त्याच काळात आयफोन आला. २९ जून २००७ ला तो केवळ एटी अँड टीच्या नेटवर्कवर विकला जाऊ लागला. महत्त्वाची गोष्ट अशी की त्या पहिल्या आयफोनवर सवलत जवळपास नव्हतीच. ग्राहक ४९९ किंवा ५९९ डॉलर रोख मोजत होता आणि तरीही फोन बांधलेला होता. ऑगस्टमध्येच न्यू जर्सीतल्या जॉर्ज हॉट्झ या १७ वर्षांच्या मुलाने तो मोकळा करून दाखवला. अमेरिकेत दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर, व्हेरायझनवर, आयफोन अधिकृतपणे यायला फेब्रुवारी २०११ उजाडला.

२०१२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने सवलत मागे घेतली. २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीशिवाय अनलॉक करणे बेकायदा ठरले. धंदा म्हणून ते करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात पाच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. पूर्ण पैसे फेडलेल्या स्वतःच्या फोनच्या बाबतीत एवढी मोठी शिक्षा कायद्याच्या पुस्तकात बसते, याचा लोकांना संताप आला. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरील निवेदनावर १ लाख १४ हजारांहून जास्त सह्या झाल्या, आणि मार्च २०१३ मध्ये ओबामा प्रशासनाने निवेदनकर्त्यांची बाजू योग्य असल्याचे जाहीर केले. १ ऑगस्ट २०१४ रोजी अनलॉकिंगसंबंधीच्या नव्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली.

या कायद्याने ग्राहकाला लॉक काढण्याची मुभा परत दिली, पण कंपनीवर लॉक न घालण्याचे बंधन घातले नाही. ते काम कंपन्यांनी स्वतःहून स्वीकारलेल्या आचारसंहितेवर सोडले गेले: पोस्टपेड ग्राहकाचा करार संपल्यावर आणि प्रीपेड ग्राहकाचा फोन सुरू केल्यापासून जास्तीत जास्त एका वर्षात मागणीप्रमाणे मोकळा करून देणे. खरे बंधन होते ते एकट्या व्हेरायझनवर, आणि ते स्पेक्ट्रमच्या लिलावातून आले होते. २००८ च्या लिलावात तिने ७०० मेगाहर्ट्‌झचा ‘सी’ ब्लॉक सुमारे ४७० कोटी डॉलरना घेतला. या लहरींवर कोणतेही उपकरण चालू द्यावे, ही त्या ब्लॉकची अटच होती. स्पेक्ट्रम ही जनतेची मालमत्ता आहे, ती देताना ग्राहकाचे स्वातंत्र्य अट म्हणून मागता येते, हे यातून दिसले. भारतातही स्पेक्ट्रम लिलावानेच दिला जातो, म्हणून हे उदाहरण इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१९ मध्ये फसवणुकीचे कारण मान्य करून अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने व्हेरायझनला ६० दिवसांच्या लॉकची परवानगी दिली, आणि २०२५ मध्ये ही ६० दिवसांची मर्यादाही उठवावी असा अर्ज कंपनीने केला. स्वातंत्र्य एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले, असे इथे झालेले नाही.

इतर देशांनी सरळ मार्ग धरला. इस्राएलने २०११ मध्ये आणि चिलीने २०१२ मध्ये लॉक बंद केला. कॅनडात फोन मोकळा करण्यासाठी साधारण ५० डॉलर आकारले जात. २०१६ या एका वर्षात कंपन्यांना या शुल्कातून ३ कोटी ७७ लाख कॅनेडियन डॉलर मिळाले. स्वतःच घातलेला लॉक काढण्याचे हे पैसे होते, आणि नियामकापुढे हा आकडा आल्यावर बचावाला फारसे काही उरले नाही. १ डिसेंबर २०१७ पासून शुल्क रद्द झाले आणि नवे फोन मोकळेच विकण्याचा नियम आला. ब्रिटनच्या दूरसंचार नियामकाला, ऑफकॉमला, असे आढळले की कंपनी न बदलण्याचा निर्णय घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक अनलॉक करण्याच्या कटकटीला कंटाळून थांबले होते. १७ डिसेंबर २०२१ पासून तिथे लॉक केलेला फोन विकण्यास बंदी आहे. जपानने त्याआधी काही आठवडे, १ ऑक्टोबर २०२१ पासून, हेच केले. या देशांत त्यानंतरही फोन हप्त्यांवर आणि करारासह मिळतात. लॉकशिवाय हा व्यवहार चालत नाही, हे म्हणणे अनुभवाने टिकलेले नाही.

भारताची गोष्ट वेगळी आहे. इथे बहुसंख्य ग्राहक प्रीपेड. हँडसेट दुकानातून रोख किंवा उधारीवर घ्यायचा, सिम वेगळे घ्यायचे, रिचार्ज वेगळा करायचा, अशी सवय पडली आणि तिच्यामुळे बाजार बहुतांशी मोकळा राहिला. म्हणजे भारतीय ग्राहकाचे हे स्वातंत्र्य कुठल्या नियमाने दिलेले नाही, ते खरेदीच्या सवयीतून आलेले आहे. आणि सवयीचे स्वातंत्र्य किती तकलादू असते, हे स्वस्त हँडसेटची योजना आली की प्रत्येक वेळी दिसून आले.

पहिली मोठी योजना रिलायन्स इन्फोकॉमची. डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झालेल्या या सेवेत सीडीएमए तंत्रज्ञान वापरले होते. त्या फोनमध्ये सिमकार्डच नसे, ग्राहकाचा नंबर हँडसेटमध्येच भरलेला असे. जुलै २००३ मधल्या ‘मान्सून हंगामा’ योजनेत केवळ ५०१ रुपये भरून फोन हातात मिळू लागला. मोबाइल ही चैनीची वस्तू राहिली नाही ती या योजनेमुळे, हे तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण फोन दुसऱ्या कंपनीवर चालत नसे, आणि एवढे असूनही असंख्य ग्राहकांनी बिले थकवली. कंपनीला मोठी रक्कम बुडीत खाती टाकावी लागली. लॉकमुळे थकबाकी थांबते, हा दावा भारतातच असा खोटा ठरला.

याच योजनांतून लॉक तोडण्याबाबतचा एक महत्त्वाचा भारतीय खटला उभा राहिला. रिलायन्सच्या एका योजनेत १०,५०० रुपये किमतीचा हँडसेट सुरुवातीला ३,३५० रुपये भरून मिळत होता आणि तो फक्त रिलायन्सवरच चालेल असा बांधलेला होता. टाटा इंडिकॉम या स्पर्धक कंपनीचे काही कर्मचारी सॅमसंग एन-१९१ आणि एलजी-२०३० या फोनमध्ये फेरफार करून रिलायन्सचे ग्राहक आपल्याकडे वळवतात, अशी तक्रार झाली. फोनमधला इलेक्ट्रॉनिक अनुक्रमांक बदलला जातो, असा त्यातला मुख्य आरोप. गुन्हा रद्द करावा म्हणून कर्मचारी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात गेले. २००५ च्या निकालात न्यायालयाने मोबाइल हँडसेट हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या व्याख्येनुसार संगणक ठरतो असे सांगितले, आणि अनुक्रमांकातला फेरफार हा कलम ६५ खालचा गुन्हा होऊ शकतो असे मानले. त्या काळच्या सीडीएमए फोनमध्ये नेटवर्क बदलणे आणि ओळख क्रमांकाला हात लावणे ही कामे एकमेकांत गुंतलेली होती, म्हणून निकाल तसा गेला. पैसे फेडलेला फोन मोकळा करून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे की नाही, हा प्रश्न त्यात निकालात निघाला नाही.

आयफोन ३जी भारतात २२ ऑगस्ट २००८ ला एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत आला. अमेरिकेत दोन वर्षांच्या करारासह १९९ डॉलरना मिळणारा ८ जीबीचा फोन इथे ३१,००० रुपयांना होता. सवलत नाही, किंमत पूर्ण, आणि तरीही लॉक. लॉकमागचे एकमेव पटण्याजोगे कारण इथे लागूच होत नव्हते. एका ग्राहकाने ही बांधीलकी स्पर्धा आयोगापुढे नेली. मार्च २०१३ मध्ये आयोगाने तक्रार फेटाळली. बाजारात अ‍ॅपलचा वाटा फार छोटा आहे आणि या व्यवहारामुळे एकूण स्पर्धेला धक्का लागत नाही, असा त्याचा सूर होता. स्पर्धा कायद्याच्या चौकटीत हा निकाल समजण्यासारखा आहे, पण त्यातूनच त्या कायद्याची मर्यादा दिसते. तो बाजाराची तब्येत पाहतो. एकेका ग्राहकाच्या हातातल्या फोनवर कोणाची सत्ता, हे पाहण्यासाठी ग्राहकहिताचा वेगळा नियम लागतो.

दरम्यान नंबरच्या बाबतीत भारताने मोठी मजल मारली. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ ला देशभर सुरू झाली. सुरुवातीला ती सर्कलपुरती, म्हणजे एकाच दूरसंचार विभागापुरती होती. मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरे, त्यामुळे नागपूरहून पणजीला गेलेल्याचा नंबर टिकत असे, पण मुंबईहून पुण्याला बदली झालेल्याचा टिकत नसे. ३ जुलै २०१५ पासून ही भिंतही गेली. आज १९०० या क्रमांकावर ‘पोर्ट’ असा संदेश पाठवला की कोड मिळतो आणि सर्कलमधल्या सर्कलमध्ये तीन कामाच्या दिवसांत नंबर हलतो. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा लाखो ग्राहक बीएसएनएलकडे गेले ते या सोयीच्या बळावर, आणि हँडसेट मोकळा होता म्हणून. नंबर हलवण्याचा हक्क आणि हँडसेट हलवण्याचा हक्क एकत्र असले तरच कंपनी बदलता येते. यातला दुसरा हक्क भारतात अजून नियमाच्या आधाराविना आहे.

त्याची उणीव सर्वांत जास्त कोणाला भासते, हे जिओच्या स्वस्त फोनवरून कळते. २०१७ चा जिओफोन १,५०० रुपये परत मिळणाऱ्या अनामतीवर दिला गेला आणि तो जिओच्याच सिमवर चालतो. २०२३ मध्ये आलेल्या जिओभारतची किंमत तेव्हा ९९९ रुपये होती, तोही जिओपुरताच. हे फोन घेणारा वर्ग शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया, म्हातारी माणसे असा आहे. त्यांना पहिल्यांदा इंटरनेट मिळाले ते अशा फोनमुळे, म्हणून या योजनांना सरसकट वाईट म्हणता येणार नाही. पण सह्याद्रीच्या दऱ्यांत किंवा मेळघाटात एका वाडीत एका कंपनीची रेंज असते, डोंगरापलीकडे दुसरीची. कामासाठी गाव बदलावे लागणाऱ्या माणसाचा बांधलेला फोन नव्या जागी निकामी होऊ शकतो, आणि दुसरा घेण्याची ऐपत त्याचीच सर्वांत कमी असते. खोक्यावर लॉकचा ठळक उल्लेख, लॉकची ठरलेली मुदत आणि मुदतीनंतर फोन आपोआप, फुकट मोकळा होणे, एवढे तीन मुद्दे दूरसंचार नियामकाने घातले तरी स्वस्त हँडसेटच्या योजना बंद पडणार नाहीत आणि ग्राहक कायमचा बांधला जाणार नाही.

लॉक निघाला म्हणजे फोन सगळीकडे चालेलच असेही नाही. प्रत्येक देशात, आणि कधी प्रत्येक कंपनीत, फ्रिक्वेन्सीचे बँड वेगळे असतात. ४जीवरच्या कॉलसाठी फोन आणि नेटवर्क यांची जुळणी आधी तपासून मान्य करावी लागते. अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी सेवा बंद झाल्या तेव्हा पूर्णपणे मोकळे असलेले कित्येक फोन, इंटरनेट चालत असूनही, कॉलच्या बाबतीत मुके झाले. फोन परदेशातून आणताना किंवा जुना घेताना लॉक आणि बँड या दोन्हींची खात्री करून घ्यावी लागते. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ या पानावर ‘कॅरिअर लॉक’ समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे दिसले तर फोन मोकळा आहे.

फोनमध्येच बसवलेल्या सिममुळे, म्हणजे ई-सिममुळे, हा विषय आणखी पुढे गेला आहे. सप्टेंबर २०२२ पासून अमेरिकेत आलेल्या आयफोनच्या नव्या मॉडेलना सिमची खाचच नाही. मोकळ्या फोनवर ई-सिम ही सोय आहे, कारण विमानातून उतरण्याआधी तिथले नेटवर्क घेता येते. बांधलेल्या फोनवर मात्र तिचा उपयोग नाही, आणि सिमखाली चिप सरकवण्याचा बाजारातला उपायही उरत नाही. अमेरिकेत हप्त्यांवर घेतलेला फोन पुण्या-नाशिकच्या आईवडिलांना देऊ पाहणाऱ्यांनी आधी सर्व हप्ते फेडून, अमेरिकेतले खाते चालू असतानाच अनलॉकची विनंती मंजूर करून घेणे शहाणपणाचे असते. खाते बंद झाल्यावर ते काम फार किचकट होते.

भारतात आता लॉकचे वेगळेच रूप दिसते, आणि ते दूरसंचार कंपनीचे नसून कर्ज देणाऱ्याचे आहे. हप्त्यांवर घेतलेल्या फोनमध्ये विक्रीच्या वेळीच एक अ‍ॅप बसवले जाते आणि हप्ता थकला की दुरून फोन बंद करता येतो. या पद्धतीला परवानगी द्यावी का आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेपुढे आला. सिम-लॉक फक्त दुसरे नेटवर्क अडवतो. हा लॉक सगळा फोनच अडवतो: कामाचा निरोप, बँकेचा ओटीपी, यूपीआयवर येणारी मजुरी, मुलांचा अभ्यास. थकलेला हप्ता ज्या कमाईतून भरायचा ती कमाई आज अनेकांच्या बाबतीत त्याच फोनवरून होते, आणि फोन बंद झाला की हप्ता भरण्याचा मार्गही बंद होतो.